गोणपाट घरी नेणारा मुलगा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम जय भीम.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. त्याचा पटावरचा क्रमांक १९१४. शासनाने २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' ठरवला, याचा मला फार आनंद आहे. मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. या दिवसाची पुष्कळ भाषणे मी ऐकली आहेत. त्यांत भिवाची हुशारी असते, पुढच्या पदव्या असतात. गोणपाट मात्र नसते.

वर्गात एका कोपऱ्यात त्या गोणपाटावर तो एकटा बसे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला की पाणी नाही. घरी केस कापायची मोठी बहीण, कारण न्हावी कापत नसत. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः लिहून ठेवले. त्या लिखाणात एक गोष्ट पुन्हापुन्हा येते: हे सगळे मला ठाऊक होते. नऊ वर्षांच्या मुलाला! १९०१ साली नवे कपडे घालून भिवा आणि घरची मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर कोणी गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मुलांनीच हाकली. डबा बरोबर होता, पण पाणी मिळाले नाही म्हणून रात्र उपाशी गेली.

हे मला आज का आठवावे? माझ्या नोकरीत एका शाळेत खिचडीच्या पंगतीत दोन मुली रोज टोकाला, जरा जागा सोडून बसायच्या. त्यांना तिथे कोणीच बसवले नव्हते. मी विचारले तर धाकटी म्हणाली, "बाई, आमची जागा इथंच." तिलाही ठाऊक होते. मी दोघींना मधे बसवले, तर दुसऱ्या दिवशी चार मुले घरून डबा घेऊन आली. तेव्हा मी वरती तक्रार करायला हवी होती. केली नाही, त्याचे दुःख मला अजून आहे.

महोदय, येत्या ७ नोव्हेंबरला पाचवीपासून पुढच्या प्रत्येक वर्गात बाबासाहेबांची ही आठवण त्यांच्याच शब्दांत मोठ्याने वाचली जावी, असे परिपत्रक काढा. आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी जेवणाच्या वेळी पंगतीत उभे राहून पाहावे: टोकाला कोण बसते, नळावर शेवटी कोण जाते, संडास धुवायला कोणत्या मुलांना पाठवतात. जे दिसेल ते लिहून केंद्रप्रमुखांकडे द्यावे. शिक्षकाने असे लिहिले म्हणून त्याची बदली होणार नाही, एवढे त्या परिपत्रकात स्पष्ट असू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा