पॉटवर बसवणाऱ्या काकीस

प्रिय काकी,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी चाळीच्या निरोपाला सगळे जमलो होतो. विरारहून, डोंबिवलीहून, कोणी थेट गावाहून आलेलं. तू गॅलरीत खुर्चीवर बसली होतीस, हातातला पेढा तसाच. मी पाया पडलो, "बरी आहेस ना?" एवढं विचारलं आणि पुढे सरकलो. खरं बोलायचं होतं ते घशातच राहिलं. ते आता चारचौघांत लिहितो, कारण तू जे केलंस ते चारचौघांतच केलं होतंस.

१९८२ चा मे महिना. १८ जानेवारीला दत्ता सामंतांनी पुकारलेला संप सुरू होऊन चार महिने होत आले होते. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी, त्यात आमचे बाबाही. लालबागच्या उकाड्यात संध्याकाळी खोलीत बसवतच नसे. सहा वाजले की बायका चौकात पाणी मारायच्या, तापलेल्या फरशीतून वाफ निघायची, मग सतरंज्या पडायच्या. कॅरमची पावडर, लसणीच्या पाकळ्या सोलत बसलेल्या आज्या, गच्चीवरून उतरवलेली कुरडयांची चादर. एरवी रातपाळीवाले झोपलेले असायचे म्हणून आम्हा पोरांना "हळू, हळू" ऐकावं लागे. त्या उन्हाळ्यात कोणीच हळू म्हणालं नाही. सगळ्यांचे बाप घरीच होते आणि भोंगे गप्प होते.

वाण्यानं आमची वही बंद केली. आई म्हणायची, त्यालाही पोट आहे. ते मला पटतं. पण आमच्याच खोलीत तीन वर्षं राहून, आईच्या हातचं जेवून शिकलेला बाबांचा चुलतभाऊ दादरला समोरून येताना बाबांना बघून रस्ता ओलांडून गेला. बाबा घरी येऊन हे सांगताना हसले होते. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही, आणि त्या माणसाला माफही केलेलं नाही.

अशात आइस्क्रीमचा बेत ठरला. घरटी दोन रुपये वर्गणी. आई मला म्हणाली, "पोट दुखतंय म्हण आणि आत बस." मी पडद्यामागे बसलो. खाली बर्फाची लादी आली, गोणपाटात घालून फोडल्याचा आवाज आला, मग पॉटचा दांडा फिरायला लागला. नऊ वर्षांच्या पोराला तो आवाज किती लांबचा वाटतो, ते त्या पोरालाच ठाऊक.

आणि तू जिना चढून आलीस. पोट कसंय विचारलं नाहीस, वर्गणीचं नाव काढलं नाहीस. दारातूनच म्हणालीस, "याला नेते गं. पॉट हलतोय, वर बसायला पोरगं हवंय. माझं काम अडलंय."

काकी, माझ्याहून दुप्पट वजनाची चार पोरं त्या चौकात होती. हे माझ्या लक्षात यायला पुढची कितीतरी वर्षं गेली.

तू पॉटवर गोणपाटाची घडी ठेवलीस आणि मला वर बसवलंस. चड्डीतून गारठा वर चढला. लाकडी बादलीच्या भोकातून खाऱ्या पाण्याची धार माझ्या पायावर पडत होती. बाप्ये आळीपाळीनं दांडा फिरवत होते, दांडा जड व्हायला लागला तशी सगळी पोरं भोवती गोळा झाली, आणि तुझा हात सगळा वेळ माझ्या खांद्यावर होता. झाकण उघडल्यावर तू मोठ्यानं सांगितलंस, "पहिली वाटी पॉटवर बसला त्याची." नंतर आमच्या घरी तीन वाट्या पोचल्या. "कामाच्या आहेत," म्हणालीस. आईनं त्या रात्री आंब्याचं आइस्क्रीम खाल्लं, आणि खाता खाता रडली.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबांना गिरणीनं परत बोलावलं नाही. त्यानंतर आम्हाला मदत करणारे बरेच भेटले, त्यांचेही उपकार आहेत. पण बहुतेकांनी देताना आमच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. तुझ्या घरात कुठे मोठी श्रीमंती होती? काकाही संपातच होते. तरी समोरच्याची मान खाली जाऊ नये हे तुला सुचलं. शिकलेल्या, सुस्थितीतल्या माणसांना का सुचत नाही? मी आजही कोणाला काही देताना आधी तुझं ते "माझं काम अडलंय" आठवतो.

रविवारी तुझ्या माळ्यावरून तो पॉट भंगारात निघाला होता. तो मी उचलून आणलाय, तुझ्या मुलाला सांगूनच. बादलीची एक पट्टी सुटलीय, आतला डबा कल्हईला दिलाय, दांडा मात्र अजून फिरतो. येत्या शनिवारी संध्याकाळी बदलापूरला घेऊन येतो. बर्फ आणि खडे मीठ मी आणतो, तू काही करू नकोस.

तुझा,
पहिल्या मजल्यावरचा, शेवटच्या खोलीतला