देवाचे सान्निध्य सोमवारीही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या पंधरवड्यात ईश्वरी अनुभूतीविषयी दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पहिल्या पत्रलेखकांच्या मते देवाचा अनुभव हा मनाचा खेळ असून ज्याला जसा हवा तसा तो भासतो, म्हणून त्याची चिकित्सा व्हायला हवी. दुसरे पत्रलेखक माझ्यासारखेच ख्रिस्ती आहेत. त्यांनी उत्तरादाखल एका मोठ्या प्रार्थनासभेचे वर्णन केले आहे. तेथे माणसे हमसून रडत होती, काही जण भान हरपून खाली पडले, आणि ज्याला असा स्पर्श कधी झाला नाही त्याचा विश्वास अद्याप कोरडाच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. पहिल्या पत्राला उत्तर देण्याची मला फारशी निकड वाटत नाही. दुसऱ्याने मात्र मी अस्वस्थ झालो. कारण त्यातले माप लावायचे ठरवले, तर सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील (चर्चमधील) ज्या माणसांकडे पाहून आमची पिढी देवाला ओळखायला शिकली, त्यांपैकी बहुतेकांना कोरडे म्हणावे लागेल.

माझी नोकरी सांगलीच्या मार्केट यार्डात, एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून झाली. धर्मशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही आणि रविवारच्या उपासनेत अधूनमधून शास्त्रपाठ वाचण्यापलीकडे मंडळीत माझ्याकडे कोणती जबाबदारीही नव्हती. तेव्हा पुढचे सारे एका साध्या सभासदाचे म्हणणे समजावे.

आमच्या घरांतली तरुण मुले अशा सभा आता मोबाईलवर रोज पाहतात. व्यासपीठ, रंगीत दिवे, वाद्यवृंद आणि वक्त्याचा चढत जाणारा आवाज यांत काही वाईटच असते असे मी म्हणणार नाही. गाण्याने मन हलते, ते देवानेच तसे घडवले आहे; आणि ज्या मुलखात कीर्तनाला बसलेली माणसे डोळे पुसत घरी जातात, तेथे भावनेला कमी लेखण्याचा उद्धटपणा कोणी करू नये. अडचण पुढे येते. रविवारी रात्री भरून आलेले मन सोमवारी सकाळी बस गाठताना रिते वाटू लागले, की या मुलांना वाटते देव आपल्याला सोडून गेला, आणि मग ती पुढच्या सभेची तारीख शोधू लागतात. घरात आजी पहाटे उठून, चुलीजवळ पाट घेऊन, कुटुंबातल्या एकेकाचे नाव घेत प्रार्थना करीत असते; तिला मात्र ‘अनुभव’ आलेला नाही, असे त्यांचे मत होते.

पवित्र शास्त्रात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. जिवाच्या भीतीने रानात पळून गेलेला, ‘आता मरण दे’ म्हणून झुडपाखाली आडवा झालेला हा माणूस. त्याला प्रथम काय मिळाले, तर झोप, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. दर्शन त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. होरेब डोंगरावर मोठा वारा सुटला, भूमिकंप झाला, अग्नी आला. या तिन्हींत परमेश्वर नव्हता, असे शास्त्र स्पष्ट सांगते. मग एक मंद वाणी ऐकू आली, आणि त्या वाणीने विचारले, की तू येथे काय करतोस? यापुढचा भाग प्रवचनांत सहसा गाळला जातो. एलीयाला त्या गुहेत रमू दिले गेले नाही. आल्या वाटेने परत जा, अमक्याला अभिषेक कर, तमक्याला तुझ्या जागी नेम, अशी कामांची यादी हातात देऊन त्याला परत धाडण्यात आले.

शुभवर्तमानातली गोष्ट तर याहून अवघड आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, आपल्या उजवीकडच्यांना म्हणतो, की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, आजारी होतो तेव्हा माझा समाचार घेतला. ती माणसे आनंदाने मान डोलवत नाहीत. ती गोंधळून विचारतात, की प्रभो, आम्ही तुला कधी पाहिले? ज्यांना राजा धन्य म्हणतो, त्यांना त्या क्षणी सान्निध्याची जाणीव मुळीच झालेली नव्हती. समोर एक भुकेला माणूस होता, एवढेच त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या पत्रलेखकांनी आपले माप या अध्यायाला लावून पाहावे, अशी माझी त्यांना बंधुभावाची विनंती आहे.

हे लिहिताना मला आमची ताई आठवते. ती मिशनच्या रुग्णालयात परिचारिका होती. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारल्यापासून या भागातल्या ख्रिस्ती घरांना परिचर्येची एक परंपराच लाभली. सकाळी कामाला लागण्याआधी प्रार्थना, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या उशाशी उभे राहून प्रार्थना, ही मिशन रुग्णालयांची शिस्त. टेबलावरचा रुग्ण हिंदू असो की मुसलमान, डॉक्टर दोन वाक्ये बोलून मगच सुरी हातात घेत, आणि रुग्णांनाही त्याचा धीर वाटे. रात्रपाळीत देव जवळ असल्यासारखे वाटते का, असे मी एकदा ताईला विचारले होते. ती म्हणाली, “अरे, रात्री वीस-पंचवीस पेशंट, कुणाचं सलाईन संपत आलेलं, कुणाला उलटी झालेली. वाटून घ्यायला सवड कुठे असते?” थोडे थांबून ती म्हणाली, की पहाटे चेहरा धुताना मात्र कळते, ही रात्र आपल्या एकटीच्या बळावर निघालेली नाही. येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेला लागलेल्या त्याच्या दोघा शिष्यांचेही असेच झाले. प्रभू मैलोन् मैल त्यांच्यासोबत चालला आणि त्यांनी त्याला ओळखले नाही. भाकर मोडताना ओळखले, तोवर तो दिसेनासा झाला. वाटेत आपले अंतःकरण कसे पेटले होते, हे त्यांनी एकमेकांना नंतर सांगितले.

माझ्या स्वतःच्या धंद्यातले थोडे सांगतो, कारण रुग्णसेवा ही उघडच पुण्याची बाब आहे आणि अडत दुकानाचे तसे नाही. हळदीचा हंगाम लागला की दूरदूरचे शेतकरी रात्रीच माल घेऊन येत. सौदा झाला, वजन झाले, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, पडली, की ते परतीची घाई करीत. त्या काळी पट्टीवरचा प्रत्येक आकडा ताडून पाहण्याइतके अक्षरज्ञान बऱ्याच जणांना नसे. पोत्यामागे थोडा जास्तीचा कडता (वजनातली कपात) लावला तर कोणाच्या लक्षात येणार नाही, हे बाजारात सर्वांना माहीत होते, आणि काही ठिकाणी तो लावलाही जात असे. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो, हे नीतिसूत्रांतले वचन मी लहानपणी पाठ केले होते; पण वचन पाठ असणे आणि लेखणी हातात असताना ते जवळ असणे, यांत अंतर आहे. सुरुवातीच्या वर्षांत देव जवळ आहे याचा अर्थ मला एवढाच कळत असे, की कोणीतरी पाहत आहे. ती भीती होती, आणि तिचा उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. पुढे हळूहळू त्या पाहण्यात पहारा उरला नाही, सोबत वाटू लागली. दुपारी पट्ट्या लिहिताना मनातल्या मनात त्याच्याशी बोलण्याची सवय लागली. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रातही मला हाच प्रवास दिसतो. तू मला पारखले आहेस, तुझ्यापुढून मी कोठे पळू, असे म्हणणारा स्तोत्रकर्ता अखेरीस स्वतः होऊन विनवतो, की देवा, मला पारखून पाहा.

अशी सवय लावून घेता येते, हे सांगणारे लोक पूर्वीही होऊन गेले. पॅरिसमधल्या कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. पूर्वीचा सैनिक, पायाने अधू. मठात त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, आणि ते काम त्याला स्वभावतः मुळीच आवडत नव्हते. भांड्यांच्या खडखडाटात आणि चहूकडून हाका येत असतानाही आपण प्रार्थनेला गुडघे टेकल्याइतकेच देवाजवळ असतो, असे तो सांगे. हे साधायला त्याला वर्षे लागली. मन भटकले की स्वतःला दूषणे देत न बसता ते पुन्हा देवाकडे वळवायचे, एवढाच त्याचा उपाय होता. तो 1691 मध्ये वारला. त्याच्या सान्निध्यात कोणी भान हरपून पडल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आता दुःखाविषयी, कारण देव जवळ असेल तर दुःखात तो कोठे असतो, हाच पहिल्या पत्रलेखकांच्या म्हणण्यामागचा खरा प्रश्न असावा असे मला वाटते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. मारुती चौक पाण्याखाली होता, माणसे गच्च्यांवर अडकली होती. पूर ओसरल्यावर मंडळीत काही साक्षी (देवाने आपल्यासाठी काय केले याची जाहीर कथने) कानांवर आल्या, की पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत फिरले, देवाने आमचे घर राखले. कृतज्ञता समजण्यासारखी आहे. परंतु त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळची नाव उलटली आणि लेकराबाळांसह माणसे बुडाली. त्यांच्या घरच्यांसमोर उभे राहून जी साक्ष देता येत नाही, ती मंडळीतही देऊ नये, असे माझे मत आहे. पूर का आला याचे उत्तर माझ्यापाशी पावसात, धरणांत आणि नदीपात्रात झालेल्या बांधकामांत आहे; त्यासाठी मी देवाचे नाव घेत नाही. मात्र अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शास्त्रात आहे, याचा मला आधार वाटतो. त्या स्तोत्राला गोड शेवट नाही, ते अंधारातच संपते. तरी त्यातला शब्दन्‌शब्द देवाला उद्देशून आहे. ज्याला काहीही जाणवत नाही आणि जो तरीही बोलणे थांबवत नाही, त्याच्या प्रार्थनेलाही शास्त्राने जागा दिली आहे.

पहिल्या पत्रलेखकांनी चिकित्सेचा आग्रह धरला आहे, तो मला मान्य आहे. तो आमच्याही शास्त्रात आहे. प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, असे येशूचा शिष्य योहान याने आपल्या पत्रात बजावले आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्यभर ज्या भोंदूगिरीविरुद्ध काम केले, ती ख्रिस्ती नावाने चालली म्हणून वेगळी ठरत नाही, आणि प्रार्थना झाली आता औषध बंद करा, असे सांगणाऱ्याला मंडळीने थारा देऊ नये. पारखायचे कशावर, तेही योहान सांगतो: डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करीत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही. ही कसोटी रडण्याला लागू आहे आणि न रडण्यालाही. आमच्या शांत, शिस्तशीर उपासनांतही मने कोरडी असू शकतात, हे दुसऱ्या पत्रलेखकांचे म्हणणे मी तेवढ्यापुरते स्वीकारतो.

याच साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडल्यावर ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. पुढे दोनच वर्षांत, 1919 मध्ये ते वारले. येशूच्या सहवासाविषयी इतक्या जिव्हाळ्याने मराठीत क्वचितच कोणी लिहिले असेल, आणि ते सर्व आपल्या मातीतल्या अभंगाच्या चालीत. आमच्या मुलांना परदेशी सुरावटींवरची भाषांतरित गाणी तोंडपाठ असतात आणि टिळकांचे एकही पद येत नाही, याची खंत येथे नोंदवून ठेवतो.

पाळकवर्गाला आणि मंडळीच्या कमिट्यांना एकच सुचवावेसे वाटते. आपल्याकडे साक्षीसाठी उभे राहतात ते बहुधा ज्यांचे ऑपरेशन यशस्वी झाले, ज्यांना नोकरी लागली किंवा ज्यांचा व्हिसा मिळाला ते. महिन्यातून एका रविवारी ही वेळ ज्यांच्या आयुष्यात तसे काही घडलेले नाही त्यांना द्यावी: द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या बाईला, रात्रपाळीच्या परिचारिकेला, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे वर्षानुवर्षे करणाऱ्या आजीला. गेल्या आठवड्यात देवाशी काय बोललात, एवढेच त्यांना विचारावे. त्या दोन मिनिटांत आटोपतील, कदाचित अडखळतील. मुलांना तेवढे ऐकू द्यावे, आणि घरी कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी टीव्ही बंद असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दिवाणजी,
सांगली