आकृती थोडी फिरवून दाखवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्या की दादरच्या दुकानांत कंपासपेट्यांसाठी झुंबड उडते. गिरणगावातील एका शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवताना मी वर्षानुवर्षे पाहिले, की या पेटीतले गुण्ये, म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या आकाराच्या पट्ट्या, वर्षअखेरीसही जवळजवळ नवेच असतात. पेन्सिल आणि मोजपट्टी तेवढी झिजलेली दिसते. या वयाच्या मुलांना भूमिती अवघड का जाते, याचे एक कारण मला त्या न वापरलेल्या गुण्यांत दिसते.

चौरस एका कोपऱ्यावर उभा राहील असा फळ्यावर काढला आणि ही आकृती कोणती असे विचारले, तर सातवीच्या वर्गातून हमखास उत्तर येते, ‘बाई, शंकरपाळी!’ पत्ते खेळणारी मुले तिला ‘चौकट’ म्हणतात. बाजू मोजायला लावल्या, कोन गुण्याने तपासायला लावले, की चारही बाजू समान आणि चारही कोन काटकोन भरतात. तरीही कित्येक मुले मान वाकडी करून किंवा वही फिरवून तो चौरस आधी ‘सरळ’ करून घेतात आणि मगच त्याला चौरस म्हणायला राजी होतात. यात मुलांचा दोष नाही. त्यांनी पाहिलेला प्रत्येक चौरस तळाच्या बाजूवर बसलेला असतो, समद्विभुज त्रिकोणाचे टोक नेहमी वरच असते आणि काटकोन त्रिकोणातला काटकोन बहुधा खाली डावीकडे. साहजिकच आकृतीच्या गुणधर्मांऐवजी तिची बैठक पाठ होते.

याची खरी किंमत पुढे शिरोलंब आणि क्षेत्रफळ शिकवताना मोजावी लागते. विशालकोन त्रिकोणात लघुकोनाच्या शिरोबिंदूतून टाकलेला लंब त्रिकोणाच्या बाहेर, पाया वाढवून काढलेल्या रेषेवर पडतो, हे मुलांना पटतच नाही, कारण ‘उंची’ म्हणजे आकृतीच्या पोटातली उभी रेघ, असे त्यांच्या डोक्यात पक्के झालेले असते. मग ती ओढूनताणून लंब आत बसवतात, नाहीतर सरळ तिरक्या बाजूची लांबीच सूत्रात घालतात. पाया गुणिले उंची भागिले दोन हे सूत्र मात्र सगळ्यांना तोंडपाठ असते.

डिना व्हॅन हिले-गेल्डॉफ आणि पिएर व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मधील आपल्या प्रबंधांत याच अडचणीची उकल केली होती. मूल आधी आकृती केवळ दिसण्यावरून ओळखते, मग तिचे गुणधर्म पाहते, त्यानंतर गुणधर्मांचे परस्परसंबंध लावते आणि मगच त्याला सिद्धता कळू लागते. या पायऱ्या निव्वळ वय वाढल्याने नव्हे, तर मिळालेल्या अनुभवाने चढल्या जातात, असे त्यांचे म्हणणे. आपण पहिल्या पायरीवरच्या मुलाशी चौथ्या पायरीवरून बोलतो आणि त्याने व्याख्या घोकली की त्याला समजले असे धरून चालतो.

हा अनुभव द्यायला साहित्य फारसे लागत नाही. पुठ्ठ्याच्या चार समान पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौरस करावा आणि एका कोपऱ्यावर हलकेच दाबावे. चौरस कलंडून समभुज चौकोन होतो. परिमिती तीच राहते, पण आतली जागा कमी होत जाते आणि ती कमी होताना मुलांना समोर दिसते. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी ढळत नाही. गिरणीच्या छपराला पेलणाऱ्या सांगाड्यांत, म्हणजे कैच्यांत, त्रिकोणच का असत, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. काटकोनासाठी तर आपल्याच वृत्तपत्राचा फाटका तुकडा पुरतो: त्याला एक घडी घालावी आणि त्या घडीची कड स्वतःवरच येईल अशी दुसरी घालावी. हा कागदी काटकोन हाती असलेले मूल कोनमापकावरच्या दोन मापनपट्ट्यांत गोंधळून ५० अंशांच्या कोनाला १३० म्हणत नाही, कारण कोन काटकोनापेक्षा लहान आहे हे त्याने आधीच ताडलेले असते. (गवंडीही भिंतींचा कोपरा तपासतो तो गुण्यानेच. पुस्तकातला आणि बांधकामावरचा शब्द एकच आहे, हे कळल्यावर माझ्या वर्गातली एका गवंड्याची मुलगी घरचा लोखंडी गुण्या शाळेत घेऊन आली होती. त्या दिवशीचा तास तिनेच घेतला म्हटले तरी चालेल.)

अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, वर्ग मोठे असतात, या अडचणी मला ठाऊक आहेत. पाठ्यपुस्तकात कृती दिलेल्या असतात हेही खरे. पण परीक्षेत त्यांवर काही येत नाही म्हणून त्या वगळल्या जातात. म्हणून माझी विनंती शिक्षकांइतकीच प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही आहे. सहावी ते आठवीच्या प्रत्येक घटक चाचणीत निदान एक आकृती तिरकी किंवा उलटी छापावी आणि एक प्रश्न असा ठेवावा, ज्याचे उत्तर गुण्या, कंपास किंवा घडी घातलेला कागद वापरल्याशिवाय देता येणार नाही.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
लालबाग, मुंबई