चेंबेच्या किनाऱ्यावरील पाणी आणि गोगलगायी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आफ्रिकेच्या सहलींविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात सिंह-हत्तींनाच बहुतेक जागा मिळते आणि सरोवरकाठची मासेमारीची गावे राहून जातात. मलावीमधील केप मॅक्लिअर येथील चेंबे या गावी माझे पती व मी नुकतेच आठवडाभर राहून आलो. जोडप्याने तेथे जरूर जावे, असेच आम्ही म्हणू. मात्र तेथील पाण्याविषयीची एक गोष्ट आम्हाला निघण्यापूर्वी कोणीही सांगितली नव्हती, ती वाचकांना कळावी म्हणून हे पत्र.

मलावी सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आहे आणि माशांच्या जितक्या जाती त्यात आहेत तितक्या जगातील दुसऱ्या कोणत्याही सरोवरात नाहीत. चेंबेभोवतीचे राष्ट्रीय उद्यान १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. संध्याकाळी दिवे लावून निघालेल्या होड्या पहाटे परततात, आणि त्यांतून उतरलेली चांदीच्या रंगाची, बोटाएवढी ‘उसिपा’ मासळी बायका लगेच वेळूच्या माचांवर पसरतात. त्या माचांपासून दहा पावलांवर एक बाई एन्सिमाचे (मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे) भांडे वाळूने घासत होती आणि तिचे मूल त्याच पाण्यात डुंबत होते. आम्हीही तेथेच रोज पोहलो.

चौथ्या दिवशी, तेही गावातल्याच एका होडीवाल्याकडून, आम्हाला कळले की या पाण्यात बिल्हार्झिया या परजीवी कृमींमुळे होणाऱ्या रोगाचा धोका आहे. पाण्यातील गोगलगायींच्या शरीरातून बाहेर पडलेल्या अळ्या माणसाच्या त्वचेतून काही मिनिटांत आत शिरतात; उपचार न झाल्यास मूत्राशयाला इजा होते, लघवीतून रक्त जाते. सहल कंपनीच्या माहितीपत्रकात मलेरियाच्या गोळ्या होत्या, व्हिसा होता, याचा मात्र एका शब्दानेही उल्लेख नव्हता. याला आम्ही हलगर्जीपणाच म्हणतो.

मला अधिक अस्वस्थ केले ते त्यामागच्या कारणाने. एकेकाळी वाळूच्या उघड्या किनाऱ्यावर या रोगाची फारशी भीती नव्हती, कारण गोगलगायी खाणारे मासे तेथे भरपूर होते. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांनी किनाऱ्याजवळची मासेमारी वाढली, ते मासे घटले, गोगलगायी वाढल्या आणि रोगही वाढला, असे मत्स्यशास्त्रज्ञांनी या भागात अभ्यास करून मांडले आहे. ज्या घरांचे पोट त्या जाळ्यांवर चालते, त्याच घरांतील मुलांना त्याची झळ बसते.

आम्ही परतल्यावर सहा आठवड्यांनी तपासणी करून घेतली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेलच्या गोळ्या घेतल्या. हा उपचार सोपा आणि परिणामकारक आहे. म्हणून सरोवराला घाबरून जाणे टाळू नये, परंतु परतल्यावर तपासणी टाळू नये. मलावीच्या सहली काढणाऱ्या कंपन्यांनी ही सूचना आपल्या माहितीपत्रकात मलेरियाच्या शेजारीच छापावी, एवढी विनंती आपल्या पत्राद्वारे करते.

आपली,
एक वाचक