ऑक्सिमीटर कपाटातून काढा, शाळेत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरच्या गेमने पोट्टे चिडखोर झाले, ही तक्रार हल्ली प्रत्येक पालकसभेत होते. ती खोटी नाही. पण ज्या खेळात नाडी धावते, त्याच खेळात ती आवरायलाही शिकवता येते. त्यासाठी लागणारे यंत्र कोरोनापासून आरोग्य उपकेंद्रांच्या कपाटात धूळ खात आहे. बोटाला लावायचा, नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर.

बोस्टनच्या बालरुग्णालयात याच तत्त्वावर 'रेज कंट्रोल' नावाचा गेम तयार झाला. शत्रूची अंतराळयाने पाडायची, पण बोटावरच्या मापकाने नाडी ठरलेल्या रेषेच्या वर गेलेली दाखवली की गोळीच सुटत नाही. मूल शांत झाले की बंदूक पुन्हा चालू. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एक गोष्ट मात्र बातम्यांत हमखास गळते: तिथे समुपदेशनाची पाच सत्रे होती आणि गेम प्रत्येक सत्राच्या शेवटी पंधराच मिनिटे होता.

हे आपल्या शाळेत जवळपास विनाखर्च जमते. 'सबवे सर्फर्स'सारखा, नेटशिवाय चालणारा, दोन-तीन मिनिटांत आउट करणारा गेम घ्यावा. फोन विमान मोडवर टाकला की जाहिरातींचाही त्रास नाही. (पैसे लावायच्या गेमचा इथे प्रश्नच येत नाही, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ते बंद आहेत.) मुलांच्या जोड्या करायच्या. आधी पाच मिनिटे नुसते बसवून एकेका मिनिटाने तीनदा नाडी लिहायची आणि मधला आकडा धरायचा. रेषा त्याच्या दहा ठोके वर: तो ८४ आला तर रेषा ९४ वर. चहा पिऊन किंवा उन्हातून सायकल हाणत आलेल्या मुलाचा आकडा लगेच घेऊ नये.

फोन बाकावर सपाट ठेवावा. उजव्या हाताच्या एका बोटाने खेळायचे. डावा हात मांडीवर स्थिर, त्याच्या अनामिकेला ऑक्सिमीटर. दोन्ही हातांत फोन धरला की बोट हलते आणि आकडा उगाच १४० वर उडी मारतो. मेंदी, नेलपॉलिश, डिसेंबरातल्या सकाळची गार बोटे आणि व्हरांड्यातले थेट ऊन यांनीही आकडा बिघडतो किंवा नुसत्या रेघा दिसतात. तळवे चोळून, सावलीत बसून घ्यावे.

रेषा ओलांडली की जोडीदार ओरडतो, "थांब बे, पंच्याण्णव!" गेम थांबवून फोन पालथा. चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत तोंडाने बाहेर, असे दहा श्वास. बाहेरचा श्वास लांबला की नाडी उतरते. सगळी खुबी तिथे आहे. मुले नेमके उलटे करतात, छाती फुगवून भराभर श्वास घेतात आणि मग गरगरते म्हणतात. मोठा नको, संथ हवा, हे दहादा सांगावे लागते. आकडा काही सेकंद मागे असतो, म्हणून तो लगेच उतरला नाही तर घाई करू नये.

एक लबाडीही ठरलेली. नाडी वाढू नये म्हणून पोट्टे मुद्दाम ढिले खेळतात. म्हणून गेमचे गुणही लिहावेत; गुण चांगले आणि नाडी रेषेखाली, असा डावच धरावा. तिसऱ्या आठवड्यापासून यंत्र झाकून आधी विचारायचे, "आता किती असेल?" अंदाज पाच-सात ठोक्यांच्या आत येऊ लागला की रागाची चाहूल अंगातूनच कळू लागली, असे समजावे. घरी यंत्र नसते, तिथे हाच अंदाज कामी येतो. आठवड्याला वीस मिनिटे, सहा आठवडे, एवढे पुरे.

आपल्याकडे रक्तक्षयाच्या मुली पुष्कळ; त्यांची नाडी मुळातच जास्त असू शकते. म्हणून ज्याची तुलना त्याच्याशीच. बसल्या जागी आकडा वारंवार १०० च्या वर राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. ऑक्सिजनच्या आकड्याचा या खेळाशी संबंध नाही. पण सिकलसेलच्या (आनुवंशिक रक्तविकाराच्या) मुलाचा तो कमी दिसला आणि अंग दुखत असेल तर खेळ बंद, आधी दवाखाना.

पालकांसाठीही थोडे. घरात फोन एकच, तोही बाबांचा. भांडण पेटते ते फोन हिसकताना. दोस्तांसोबतच्या लढाईच्या गेममध्ये एक डाव वीस-पंचवीस मिनिटे चालू शकतो आणि मधे थांबवता येत नाही. "बंद कर" हे डाव सुरू व्हायच्या आधी सांगा, अर्ध्यात नको.

मूल जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल तर असले प्रयोग करत बसू नये. त्याला एकटे सोडू नये आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर लगेच फोन करावा. तो मोफत आहे, मराठीतही बोलतात.

तालुका आरोग्य अधिकारी व गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मिळून प्रत्येक माध्यमिक शाळेला चार ऑक्सिमीटर द्यावेत. देताना आतले जुने सेल काढून पाहावेत. बहुतेकांचे पाझरून पत्र्या गंजल्या असतील. त्या लिंबाच्या रसाने पुसून, सुकवून घेतल्या तर अनेक यंत्रे चालू होतात. नवे सेल शाळा आणतील.

— किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे शिक्षक व समुपदेशक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ