भिंतीच्या नावाने आलेली अंतिम सूचना

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
दिनांक: २४ जून २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
गच्ची वॉटरप्रूफिंग सेवा

विषय: जाहिरातीचं पत्र नोटिशीच्या रूपात पाठवल्याबद्दल तक्रार

महोदय,

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग आपल्याकडून करून घेतलं. काम चोख झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझी तक्रार १२ जूनला माझ्या वडिलांच्या नावे आलेल्या आपल्या पत्राबद्दल आहे.

आधीची दोन पत्रं आमच्या घरात सगळ्यांना आवडली होती, हे मुद्दाम सांगते. पहिल्या पाकिटावर डोक्याला रुमाल बांधलेल्या भिंतीचं रंगीत चित्र होतं. आत भिंतच बोलत होती. कालनिर्णयचा खिळा गुदगुल्या करतो, पावसाळ्यात मला घाम फुटतो, तेव्हा पंखा जरा माझ्याकडे वळवा, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या पत्रात गच्चीतला तडा रोज रात्री जिना उतरून मामलेदारची मिसळ खायला जायचा आणि तिखट सोसलं नाही की सकाळी आणखी रुंद होऊन परतायचा. बाबांनी ते पत्र शेजारच्या आजींना दोनदा वाचून दाखवलं. माझ्या भाचीने शाळेत ‘भिंतीचे आत्मवृत्त’ लिहिलं, त्यात हा तडा घातला. फाटक्या पुस्तकाला नाहीतर जुन्या छत्रीला बोलायला लावत आपण सगळेच शाळेतून बाहेर पडलो, त्यामुळे असली पत्रं मराठी घरात सहज रुळतात. शेवटच्या ओळीत आपल्या कंपनीचं नाव यायचं, त्याचाही कुणाला राग नव्हता.

तिसरं पत्र मात्र खाकी, लांबट, खिडकीच्या पाकिटातून आलं. वर लाल अक्षरात ‘अंतिम सूचना’ आणि ‘तात्काळ’. चित्र नाही, कंपनीचं नाव नाही. स्पीड पोस्टाने, सही घेऊन. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच सामावलं गेलंय, त्यामुळे नोटिसा आता अशाच येतात. आतल्या पहिल्या पानावर जावक क्रमांक आणि खाली एवढाच मजकूर: ‘आपल्या सदनिकेची पूर्वेकडील भिंत दिनांक १९ जूनपासून सदर इमारतीत राहणार नाही, याची नोंद घ्यावी.’ भिंत बॅग भरून एसटीने गणपतीपुळ्याला निघाल्याची गोष्ट पान उलटल्यावर सुरू होते. ‘जाहिरात’ हा शब्द त्या पानाच्या तळाशी फिक्या राखाडी रंगात आहे. चष्मा लावूनही मला तो शोधावा लागला.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. ३६ वर्षं त्यांनी पोस्टात काढली. पाकिटावर जे लिहिलंय तेच आत असणार, या भरवशावर त्यांनी आयुष्यभर टपाल हाताळलं. आणि आमची इमारत महापालिकेच्या सी-२बी वर्गात आहे, म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती करायची. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते तेव्हा आम्ही आधी सी-१ मध्ये आपलं नाव नाही ना, ते बघतो, कारण सी-१ म्हणजे घर सोडायचं. ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे इथेच बी केबिनला जुनी इमारत कोसळली, १२ माणसं गेली. त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस बाबा पाऊस लागला की उठून भिंतीला हात लावून बघायचे. अशा माणसाच्या हातात ‘भिंत राहणार नाही’ हे वाक्य पडलं.

त्यांनी पान उलटलंच नाही. पत्र्याच्या ट्रंकेत घराची कागदपत्रं, पासबुकं, रेशनकार्ड आणि आईचा फोटो भरला आणि मग एकेक दार ठोठावलं. शेजारच्या आजींचे दोन्ही गुडघे गेलेत. बाबांनी त्यांना हाताला धरून दोन मजले खाली आणलं, आणि औषधांची पिशवी राहिली म्हणून पुन्हा वर गेले. मला बेलापूरला ऑफिसात फोन आला. लोकलने ठाण्याला पोचेपर्यंत दीड तास गेला. बाबा गेटजवळच्या बाकावर ट्रंक मांडीवर घेऊन बसले होते, सदरा भिजलेला. पत्र तेवढं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरडं ठेवलं होतं, महापालिकेत दाखवायला लागेल म्हणून. डॉक्टरांनी बीपी बघितलं, १९० वर १०४.

आपल्या कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर आलं, “मॅडम, ते गमतीचं कॅम्पेन आहे, पूर्ण वाचा ना.” पूर्ण वाचायची जबाबदारी घाबरलेल्या माणसावर टाकता येत नाही. मिसळ खाणाऱ्या तड्यावर आम्ही हसलो, कारण पाकीट हातात घेतल्यापासूनच आपण आणि आम्ही मिळून तो खेळ खेळत होतो. तिसऱ्या पत्रात आपण एकटेच खेळलात. गोष्ट कितीही अतरंगी असू दे, ती सांगणारा कोण, हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीच्या आधी कळलं पाहिजे. महापालिकेचा आवाज आपला नाही. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांचा जीव त्या आवाजावर टांगलेला असतो. आणि पुढच्या वर्षी खरी नोटीस आली आणि कुणी ती जाहिरात समजून बाजूला ठेवली, तर?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ ‘डार्क पॅटर्न’वर, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्यांवर, बंदी घातली. त्यात खोटी घाई लावणं आणि वेश पालटून आलेली जाहिरात, दोन्ही आहेत. तो नियम ऑनलाइन विक्रीसाठी आहे, हे मला माहीत आहे. पण कागदावर केलं म्हणून तीच गोष्ट बरी ठरत नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे.

माझं मागणं असं. हे पत्र ज्यांना ज्यांना गेलं, त्या सगळ्यांना ही जाहिरात होती असं लेखी कळवा. यापुढे पाकिटावर कंपनीचं नाव आणि ‘जाहिरात’ हा शब्द ठळक मराठीत छापा. ‘सूचना’, ‘नोटीस’, ‘जावक क्रमांक’ यांना हात लावू नका. डॉक्टरांची फी मागत नाही. भिंतीची पत्रं बंद करा असंही म्हणत नाही, पण ती पुन्हा रुमाल बांधून येऊ दे.

आणि बाबांची माफी मागा. ते आता कुठलंच पाकीट उघडत नाहीत, विजेचं बिलसुद्धा माझ्यासाठी बाजूला ठेवतात. म्हणून ही माफी त्यांच्या नावे, मोठ्या अक्षरात, साध्या पोस्टकार्डावर पाठवा.

आपली ग्राहक

सोबत: १२ जूनच्या पत्राची दोन्ही पानं आणि पाकीट यांची झेरॉक्स