प्लग आधी बोटानं बसवा, पाना नंतर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रस्ते, पाणी, पीकविमा यावर रोज पत्रं येतात, मी ती वाचतोच, पण आज मोटारसायकलच्या प्लगवर, म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडतो त्या स्पार्क प्लगवर लिहितोय. विषय बारका वाटेल पण ज्याचं पोट दोन चाकावर आहे त्याला विचारा.

मी भूम तालुक्यातला. पहाटे साडेपाचला निघायचं, तीन वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि खव्याच्या भट्टीवर नेऊन घालायचं, हेच माझं रोजचं काम. शंभर सीसीची कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी आहे, दोन्ही अंगाला कॅन बांधलेले. आमच्या भागात खव्यावर कितीतरी घरं चालतात आणि खव्याला दूध ताजंच लागतं, उन्हाळ्यात दोन तास उशीर झाला तर दूध फाटलंच म्हणून समजा, मग ते भट्टीवाला घेत नाही आणि त्याचीही काही चूक नसते.

तर झालं असं की वैशाखात गाडी मिसिंग मारायला लागली. सपाटीला बरी पळायची पण बालाघाटाचा चढ लागला की फटफट करायची, सकाळी पंधरा-वीस किका माराव्या लागायच्या. रस्त्यावरच्या एका गॅरेजात थांबलो (नाव लिहीत नाही, कुणाच्या धंद्यावर यावं असं मला वाटत नाही). पोरगं कष्टाळू होतं पण घाईत होतं. इंजिन इतकं तापलेलं की हात लावला तर चटका बसेल, त्यानं तसाच पाना घालून प्लग खोलला. मग नवा प्लग पान्यातच अडकवला, भोकावर टेकवला आणि सरळ फिरवायला सुरुवात केली. दीड-दोन फेऱ्यातच जड झाला. मी म्हणलं, बाबा जड जातोय रे. तो म्हणला, काका नवीन आहे, जड जातोच. आणि पान्याच्या दांडीत लोखंडी पाइप घालून अजून आवळला. करर्र असा आवाज आला, तो मला आत्ता लिहितानाही ऐकू येतोय.

नऊ दिवस गाडी चालली. दहाव्या दिवशी चढावर फट्ट असा आवाज झाला, गाडी जागेवर बंद, खाली बघतो तर प्लग हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) निघून टोपीसकट वायरला लोंबकळतोय. कॅनमध्ये अडतीस लिटर दूध. ओळखीच्या टेम्पोत घालून भट्टीवर पोचेपर्यंत साडेदहा झाले होते आणि दूध गेलं होतं. पुढचे चार दिवस चुलतभावाची गाडी मागून काढले.

हेड उतरवून बार्शीला एका लेथवाल्याकडं नेलं. म्हातारे गृहस्थ आहेत, चाळीस वर्षं हेच काम. त्यांनी काही न बोलता आधी तो प्लग माझ्या हातात दिला आणि उजेडात धरायला सांगितलं. प्लगच्या आट्यांमध्ये (स्क्रूला असतात तसल्या पेचांमध्ये) चांदीसारख्या चकचकीत बारीक तारा अडकलेल्या होत्या. म्हणाले, हे तुमचं हेड आहे. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा, लोखंड वाकडं शिरलं की ते ॲल्युमिनियम कापत जातं आणि नवीन वाकडी वाट पाडतं, मग प्लग धरायला आटेच राहत नाहीत. त्यात गरम इंजिन, ॲल्युमिनियम तापल्यावर अजून नरम, खोलतानाच निम्मे आटे ओरबाडले गेले असतील. त्यांनी भोक मोठं करून आत स्टीलचा बुश बसवला, नवे आटे मारले. बुश, हेड गॅस्केट आणि उतरवणं-चढवणं मिळून सतराशे रुपये लागले. प्लग होता एकशे दहाचा.

तिथून निघताना त्यांनी मला जे दाखवलं त्यासाठीच हे पत्र आहे. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा घेतला, नव्या प्लगच्या पांढऱ्या बाजूच्या टोकावर घट्ट बसवला आणि त्या नळीला धरून प्लग भोकात सोडला. आधी उलटा फिरवला, हळू, आणि एके ठिकाणी टक् करून बारीकसा खाली बसला. म्हणाले, आता आट्याला आटा लागला, आता सुलटा फिरवा. दोन बोटांनी फिरवत गेलो, लोण्यात गेल्यासारखा आत गेला. प्लग वाकडा लागला असता तर नळी प्लगवर नुसती घसरली असती, आटे कापायची ताकदच तिच्यात नाही. बोटानं पूर्ण टेकल्यावर मग पाना, आणि पान्यानंही नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा, तेवढ्यात प्लगचा वायसर (खालची चकती) दबतो आणि हवा धरतो. जुनाच प्लग साफ करून परत लावायचा तर वायसर आधीच दबलेला असतो, तेव्हा जरासंच आवळायचं. माझ्या गाडीचा प्लग १० मिमीचा, असल्या प्लगला १० ते १२ न्यूटन मीटर एवढाच टॉर्क (आवळायचा जोर) पुरतो, पाइप घालायचा प्रश्नच येत नाही. आमच्या गावची पोरं वाळूजला गाड्यांच्या लाइनवर काम करतात, ती सांगतात की तिथं एकेक बोल्ट मापानं आवळतात, आणि तीच गाडी गावात आली की तिला पाइप लावतो आपण, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट नंबरची. दुकानात "शंभर सीसीचा प्लग द्या" म्हणलं की जो हाताला येईल तो देतात. एनजीके कंपनीचा सी७एचएसए आणि सीपीआर८ईए-९ हे दोन्ही १० मिमीचे, दोन्ही एकाच १६ च्या पान्यानं लागतात, पण पहिल्याच्या आट्याची लांबी १२.७ मिमी आणि दुसऱ्याची १९. लांब भोकात आखूड प्लग लावला तर खालचे आटे उघडे राहून त्यात काजळी भरते, मग पुढच्या वेळी बरोबर प्लगसुद्धा अडकतो आणि आटे जातात. आखूड भोकात लांब घातला तर पिस्टनला लागायची भीती. नंबरातला आर म्हणजे रेझिस्टर, ठिणगीनं होणारा विजेचा गोंधळ आवरणारा भाग, १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांना तर तो पाहिजेच, नाहीतर गाडीतल्या कॉम्प्युटरला त्रास होतो. आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिमी गॅप, ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर. आपल्याकडं गॅप हॅक्सॉ ब्लेडनं बघायची सवय आहे, जुन्या प्लगना ०.६-०.७ चा गॅप होता तेव्हा ते जमायचं, आता नाही जमत, फीलर गेज (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या) लागतंच आणि ते काही महाग नसतं.

दोन प्लगच्या पल्सरवाल्यांनी तर जास्त लक्ष द्यावं. समोर दिसणारा प्लग बदलतात, पलीकडचा अवघड जागी म्हणून कुणी हात लावत नाही, तो वर्षानुवर्षं तसाच राहून जाम होतो आणि शेवटी निघताना आटे घेऊनच निघतो.

आणि प्लग काढायच्या आधी त्याच्या खड्ड्यातली माती हवेनं उडवा, सायकलच्या पंपानं उडवली तरी चालते. आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ त्या खड्ड्यात बोटभर साठते, प्लग निघाला की सगळी सिलेंडरमध्ये. तीच धूळ एअर फिल्टर तुंबवते, मग कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल जास्त आणि हवा कमी होते आणि प्लग काळाकुट्ट पडतो. लोक म्हणतात प्लग खराब, दर महिन्याला नवा घालतात, प्रत्येक वेळी हेडचे आटे झिजतात, फिल्टर मात्र कुणी उघडून बघत नाही. माझ्या गाडीचं मूळ दुखणं हेच निघालं, फिल्टर झाडल्यावर त्यातून निघालेली काळी माती ओंजळभर होती. म्हणजे माझा पहिला प्लग कदाचित बदलायचाही नव्हता, नुसता साफ केला असता तरी चाललं असतं, हे कळल्यावर रात्रभर झोप लागली नाही.

माझं मागणं फार नाही. गॅरेजवाल्या भावांनो, तुम्ही आमच्यासाठी उन्हातान्हात काम करता, फक्त प्लगची पहिली सुरुवात बोटानं करा आणि इंजिन गार होऊ द्या, गिऱ्हाईक घाई करत असेल तर त्याला सांगा थांब म्हणून. गाडी विकणाऱ्या शोरूमनी टूलकिटमध्ये प्लग पाना द्यावा, मागच्या वर्षी भाच्यानं नवी गाडी घेतली तिच्या किटमध्ये तो नव्हता, आणि प्लगचा नंबर आणि गॅप मराठीत लिहून सीटखाली एक स्टिकर चिकटवावा, त्याला किती खर्च येतो? तालुक्याच्या आयटीआयनं वर्षातून एकदा खेड्यातल्या मेकॅनिक पोरांना बोलावून हे हातानं करून दाखवलं तर कितीतरी हेड वाचतील. ही पोरं कुठं शिकलेली नसतात, कुणाच्या तरी हाताखाली बघून बघून शिकतात, त्यांना दोष देऊन काय होणार.

नळीचा तो तुकडा मी आता कॅनच्या दोरीलाच बांधून ठेवलाय. भूम, परांडा, वाशी भागात आणखी कुणाला असं हेड घेऊन बार्शी गाठावी लागली असेल तर त्यांनीही तुमच्याकडं लिहावं, म्हणजे हा एकट्या माझा प्रश्न नाही हे शोरूमवाल्यांना कळेल.

आपला,
एक दूध घालणारा वाचक
ता. भूम, जि. धाराशिव